वाचकांचे प्रश्न : आगीने राखलेले ग्रंथालय

प्रश्न : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरले आणि आजोबांच्या हिशेबाच्या वह्या व मोडीतील कागदपत्रे यांचा लगदा झाला. मग बॅबिलोनिया आणि अ‍ॅसिरिया येथील अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचे लेखन, तेही मातीवर केलेले, आजवर कसे टिकले?
— एक वाचक, गंगावेस, कोल्हापूर

उत्तर : आपल्या आजोबांच्या वह्या गेल्या हे वाचून फार वाईट वाटले, घरातले असे कागद एकदा गेले की पुन्हा कोठेही मिळत नाहीत. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर कुंभार गल्लीतला कोणीही जाणता कारागीर देईल. शाडूची मूर्ती विसर्जनाच्या काहिलीत थोड्याच वेळात विरघळते, पण आव्यात भाजून निघालेले मडके फुटले तरी त्याच्या खापऱ्या शतकानुशतके मातीत पडून राहतात. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झाले तेव्हा प्राचीन वस्तीची साक्ष अशा खापऱ्यांनीही दिली होती.

बॅबिलोनिया आणि अ‍ॅसिरिया ही प्राचीन राज्ये आजच्या इराकच्या भूमीत होती. तेथील टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या खोऱ्यात दगड दुर्मीळ आणि गाळाची माती मुबलक होती. लेखनिक ओल्या मातीची तळहाताएवढी पाटी घेऊन तिच्यावर बोरूच्या टोकाने पाचरीच्या आकाराच्या खुणा दाबत असे. हीच कीलाकार म्हणजे क्यूनिफॉर्म लिपी होय. बहुतेक पाट्या नुसत्या उन्हात वाळवलेल्या असत. अशी पाटी पाण्यात पडली की ती पुन्हा चिखल होते, आणि कोरड्या ढिगाऱ्याखाली दबली तर टिकते.

एक फार मोठा ठेवा मात्र आगीमुळे टिकला. इ. स. पू. ६६९ मध्ये अ‍ॅसिरियाच्या गादीवर आलेल्या असुरबनिपालाने आपल्या शिलालेखांत लेखनवाचन येत असल्याचा अभिमान मिरवला आहे, आणि युद्धे व लूट यांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या या राजाने बॅबिलोनियातील मंदिरांतून व घरांतून पाट्या गोळा करून निनेव्ह या आपल्या राजधानीत मोठा ग्रंथसंग्रह उभारला. शकुनविचार, मंत्र, औषधे, शब्दकोश, खगोल, पुराणकथा असे सर्व काही त्यात होते. इ. स. पू. ६१२ मध्ये बॅबिलोनियन आणि मीड (प्राचीन इराणातील एक जमात) यांच्या संयुक्त सैन्याने निनेव्ह जिंकून जाळले. राजवाडे कोसळले, परंतु त्या आगीत कच्च्या पाट्यांपैकी कितीतरी आव्यात घातल्याप्रमाणे भाजून निघाल्या. शत्रूने लावलेल्या आगीने शत्रूचेच ग्रंथ राखून ठेवले, ही गोष्ट मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थक्क होतो. तरीही हानी झालीच. त्याच संग्रहात मेणाचा लेप दिलेल्या लाकडी फळ्यांवरही मजकूर लिहिलेला असे. त्या फळ्या नष्ट झाल्या, आणि त्यांची आठवण आता केवळ पाट्यांवरील याद्यांत उरली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज संशोधक लेयार्ड आणि मूळचा मोसूलचाच असलेला होर्मुझ्द रस्साम यांनी हा संग्रह उकरून काढला. पाट्या व तुकडे मिळून सुमारे ३०,००० नग आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पूरग्रस्त वाचकाला सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट अशी की त्यांतील एका पाटीवर महापुराचीच कथा निघाली. १८७२ मध्ये त्याच म्युझियममधील अभ्यासक जॉर्ज स्मिथ याने ती वाचली : देवाने आधी सावध केल्यामुळे एक पुरुष नौका बांधून जीवमात्र वाचवतो आणि पाणी ओसरले का हे पाहण्यासाठी पक्षी सोडतो. शतपथ ब्राह्मणातील मनू आणि मत्स्य यांची कथा लहानपणापासून ऐकलेल्या आपल्याला तिच्यात ओळखीचे पुष्कळ सापडेल.

प्रश्न : हामुराबीचा कायदा बॅबिलोनचा, मग त्याचा स्तंभ इराणात कसा सापडला? हामुराबीच्या बॅबिलोनमध्ये काय मिळाले?
— एक विद्यार्थी वाचक, राजारामपुरी

उत्तर : फारच थोडे मिळाले, आणि याचे कारण पाणी आहे. कोल्डेवे या जर्मन संशोधकाने १८९९ ते १९१७ या काळात बॅबिलोन खणले. पण त्याच्या हाती मुख्यतः इ. स. पू. सहाव्या शतकातील, म्हणजे दुसऱ्या नेबुकॅडनेझरच्या काळातील शहर लागले, कारण इ. स. पू. अठराव्या शतकातील हामुराबीच्या राजधानीचे थर भूजलाच्या पातळीखाली गेलेले आहेत. काळ्या दगडाचा, सुमारे सव्वादोन मीटर उंचीचा कायद्याचा स्तंभ मात्र एलाम या शेजारच्या राज्याच्या राजाने इ. स. पू. बाराव्या शतकात लूट म्हणून आजच्या इराणातील सूसा येथे नेला होता. तेथेच तो १९०१-०२ मध्ये फ्रेंच उत्खननात सापडला आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याच्या खालच्या भागातील मजकुराचे काही रकाने घासून काढलेले आहेत. त्यातील हरवलेल्या कलमांपैकी काही अभ्यासकांना परत मिळाली ती मातीच्या पाट्यांवर उतरवून ठेवलेल्या प्रतींतून, आणि या कायद्याच्या प्रती निनेव्हच्या त्या जळालेल्या ग्रंथसंग्रहातही होत्या.