कागदावर काय लिहून दिलंय? : मोतीबिंदू, काचबिंदू आणि कानातली शिट्टी

मागच्या अंकात लिहिलं होतं की डोळ्याच्या नाहीतर कानाच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलेला जो शब्द कळला नाही तो पाठवा, तर फोटो इतके आलेत की फोन भरला, त्यातले निम्मे अर्धवट कापलेले आणि अक्षर असं की आमच्या दवाखान्याखालच्या मेडिकलवाल्याला जाऊन विचारावं लागलं. सगळे घेता येणार नाहीत. ज्यांनी खरंच घाई करायला पाहिजे पण निवांत बसलेत, त्यांना जास्त जागा देते. नावं छापत नाही, भाग तेवढा लिहिते. आणि मी शब्दाचा अर्थ सांगू शकते, फोटोवरून तुमचा डोळा तपासू शकत नाही, एवढं धरून वाचा.

प्रश्न (कुंभार वेस) : मॅडम, सासूबाईंना शिबिरात नेलतो. उजव्या डोळ्यापुढं 'आयएमएससी' आणि ६/६०, डाव्यापुढं 'एनएस २' आणि ६/१८ असं लिहून दिलंय. शेजारच्या मावशी म्हणतात अजून कच्चा आहे, पिकू द्या मग काढा. आणि सासूबाईंना वेगळीच धास्ती, आत प्लास्टिक बसवतात ते सडलं तर काय?

उत्तर : ताई, आयएमएससी म्हणजे इम्मॅच्युअर सेनाइल कॅटरॅक्ट, वयामुळं आलेला आणि अजून पूर्ण न झालेला मोतीबिंदू. सेनाइल शब्दाला घाबरू नका, त्याचा डोकं चालण्या-न चालण्याशी काही संबंध नाही, तो नुसता वयाचा शिक्का आहे. एनएस म्हणजे न्यूक्लिअर स्क्लेरोसिस, भिंगाचा मधला गाभा कडक आणि पिवळट होत चाललाय, २ ही त्याची पायरी. ६/६० म्हणजे साठ टक्के दिसतं असं मात्र नाही. चांगल्या नजरेचा माणूस जे अक्षर ६० मीटरवरून वाचतो ते सासूबाईंना ६ मीटरवर आल्यावर दिसतं, म्हणजे उजवा डोळा बराच अधू झालाय.

पिकू द्या हा सल्ला मावशींच्या काळात बरोबर होता, तेव्हा ऑपरेशनची पद्धतच तशी होती. आता फेको मशीननं साधारण ३ मिलीमीटरच्या छेदातून भिंग आतल्या आत फोडून ओढून घेतात, आणि जितकं जास्त पिकलं तितकं ते कडक, फोडायला अवघड. फार पिकवला तर भिंग फुगतं नाहीतर पाझरतं, डोळ्याचं प्रेशर चढतं, आणि मग लाल दुखरा डोळा घेऊन पळापळ. तेव्हा शुगर बीपी तपासून, मागचा पडदा बघून डॉक्टर हो म्हणत असतील तर थांबायचं कारण मला तरी दिसत नाही.

प्लास्टिकचं सासूबाईंना असं सांगा. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचे तुकडे पायलट लोकांच्या डोळ्यात घुसले आणि आत तसेच बसून राहिले तरी डोळ्यानं फार त्रागा केला नाही, हे हेरॉल्ड रिडली या लंडनच्या डॉक्टरांनी बघितलं आणि १९४९ साली त्याच जातीच्या प्लास्टिकचं पहिलं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. आता बहुतेक घडी होणारी भिंगं बसवतात. सडत नाहीत. पुढं काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत धूसर झालं तर 'मोतीबिंदू परत आला' म्हणून रडत बसू नका, भिंगामागची पिशवी गढूळ होते, कागदावर पीसीओ लिहितात, याग लेझरनं ओपीडीतच काही मिनिटांत काम होतं.

प्रश्न (विजापूर रोड) : माझं वय ५२. चष्म्याचा नंबर काढायला गेलतो तर डोळ्याचं प्रेशर बघून 'पीओएजी, आयओपी ३०/२८, सीडी ०.८' असं लिहिलं आणि थेंब दिले. दोन-तीन बाटल्या संपवल्या, नजर काही सुधारली नाही म्हणून बंद केलो. तसं मला पेपर वाचता येतो, गाडी चालवतो, काही त्रास नाही. वडिलांना पण मोतीबिंदूच होता, ऑपरेशन करून पण दिसलं नाही त्यांना. माझं ऑपरेशन आत्ता करू का पुढं ढकलू?

उत्तर : दादा, या अंकात सगळ्यात जास्त काळजी मला तुमच्या पत्राची वाटली. तुम्हाला मोतीबिंदू लिहिलेलाच नाही. पीओएजी म्हणजे प्रायमरी ओपन अँगल ग्लॉकोमा, आपला काचबिंदू. दोन्हीला बिंदू लागला म्हणून ते भाऊ-भाऊ होत नाहीत, एक भिंगाचा आजार आहे आणि दुसरा नसेचा. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशननं मिळते, काचबिंदूत गेलेली कशानंच मिळत नाही.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सारखं तयार होत असतं, आणि बुबुळाच्या कडेला जो कोपरा आहे, तोच तो अँगल, तिथल्या बारीक जाळीतून ते निघून जातं. तुमचा कोपरा उघडा आहे पण जाळीतून निचरा नीट होईना, म्हणून आत दाब वाढला. आयओपी म्हणजे तोच दाब, साधारण १० ते २१ मध्ये असावा, तुमचा ३० आणि २८. हा दाब मागं मेंदूकडं जाणाऱ्या नसेच्या तोंडावर पडतो आणि तिचे तंतू मरत जातात. नसेच्या तोंडाशी एक खळगा असतो, तो पूर्ण तोंडाच्या मानानं केवढा आहे ते सीडी रेशो सांगतो, बऱ्याच लोकांचा ०.३ च्या आसपास असतो. ०.८ म्हणजे बरेच तंतू गेलेत.

आणि 'मला तर दिसतंय की' यावर अजिबात विसंबू नका. काचबिंदूत सहसा आधी कडेकडेचं जातं, मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं, म्हणून माणूस पेपर वाचतो, ६/६ ची ओळ पण वाचतो, आणि बाजूनं आलेली रिक्षा दिसत नाही. ते बघायला फील्ड टेस्ट असते, हनुवटी टेकवून लाईट लुकलुकला की बटण दाबायचं, केली नसेल तर करून घ्या. थेंबानं नजर सुधारत नाही, सुधारण्यासाठी तो दिलेलाच नाही, जेवढं उरलंय तेवढं राहावं म्हणून दिलाय, आणि तो बाटली संपली म्हणून संपत नाही, बीपीच्या गोळीसारखा चालूच ठेवायचा. हे तुम्हाला देताना कुणी सांगितलं नसेल तर ती चूक सांगणाऱ्याची, पण डोळा तुमचा आहे. आजच डॉक्टरांकडं जा. दमा असेल किंवा नाडी हळू चालत असेल तर आधी सांगा, टिमोलॉल नावाचा थेंब अशा लोकांना चालत नाही, दुसरे आहेत. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरा, औषध घशात उतरत नाही.

वडिलांबद्दल. कागद नसताना खात्रीनं बोलता येत नाही, पण ऑपरेशन होऊनही दिसलं नाही म्हणताय तर त्यांना मोतीबिंदूच्या जोडीला हाच असू शकतो. हा घराण्यात चालतो. भाऊ, बहिणी आणि तुमची मुलं, सगळ्यांचं प्रेशर आणि नस तपासून घ्या, चष्मा नसला तरी.

याच काचबिंदूचा एक चुलत प्रकार आहे, त्यात कोपरा अचानक बंद होतो, डोळा लाल, डोकं फुटेल इतकं दुखणं, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडं. घरचे पित्त झालं म्हणून लिंबू सरबत पाजत बसतात. ते पित्त नाही, रात्री दोन वाजता असलं तरी सिव्हिल गाठायचं. आणि डोळे आले की मेडिकलमधून कुठलाही थेंब आणून महिना-महिना टाकणारे आपल्याकडं लई आहेत, त्यात स्टेरॉइड असलं तर काहींना त्यानंच प्रेशर चढून काचबिंदू होतो. बाटलीवरचं नाव डॉक्टरला दाखवल्याशिवाय टाकू नका.

प्रश्न (अशोक चौक) : मॅडम, मी पॉवरलूमवर आहे, लहानपणापासून माग चालवतो. कानाची टेस्ट केली, 'बायलॅटरल एसएनएचएल, नॉच ॲट ४ के' असं लिहिलंय आणि एक आलेख दिलाय, लाल गोल आणि निळ्या फुल्या. मला ऐकू तर येतं, पण बोललेलं कळत नाही. नातीचं तर काहीच कळत नाही. घरचे टीव्हीवरून भांडतात. रात्री कानात शिट्टी वाजते. यावर थेंब किंवा गोळी आहे का?

उत्तर : मामा, आलेख आधी समजून घ्या. लाल गोल उजवा कान, निळी फुली डावा. डावीकडून उजवीकडं जाल तसा आवाज बारीक आणि उंच होत जातो, आणि रेघ जितकी खाली उतरली तितकं कमी ऐकू येतं. तुमची रेघ ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात जाऊन पुढं थोडी वर येते, तो खड्डा म्हणजे नॉच. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाच्या कानाची ही खूणच आहे. बायलॅटरल म्हणजे दोन्ही बाजूचं, एसएनएचएल म्हणजे सेन्सरीन्यूरल बहिरेपणा, दोष आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात किंवा नसेत आहे. दुसरा प्रकार कंडक्टिव्ह, त्यात मळ, फाटलेला पडदा, अडकलेली हाडं अशी वाटेतली अडचण असते आणि ती बऱ्याचदा काढता येते. तुमचा तो नाही.

आतल्या शंखात बारीक केसांसारख्या पेशी असतात, आवाजानं त्या हलतात म्हणून आपल्याला ऐकू येतं. मागावर ताण्यातला धागा तुटला तर तुम्ही गाठ मारून परत चालू करता, ही पेशी तुटली की गाठ मारायची सोय नाही. म्हणून थेंब नाही, गोळी नाही, आणि कुणी विकत असेल तर पैसे घालवू नका. उंच आवाजाच्या पेशी आधी जातात, त्यामुळं स, श, फ, ट असली अक्षरं गळतात, आवाज येतो पण 'साठ' आणि 'आठ' एकच वाटतं, आणि बायका-पोरांचे आवाज मुळात बारीक म्हणून नातीचंच जास्त अडतं. ती तोंडातल्या तोंडात बोलते असं नाही. शिट्टीला टिनिटस म्हणतात, त्याच पेशींचं दुखणं आहे ते. रात्री अगदी शांततेत ती जास्त टोचते, पंखा किंवा हळू रेडिओ चालू ठेवून झोपा, फरक पडतो.

श्रवणयंत्र घ्या, नक्की घ्या, पण दोन्ही कानांना ट्रायल घेऊन, आणि ऑडिओलॉजिस्टकडून तुमच्या आलेखाप्रमाणं सेट करून. बाजारात मिळणारं साधं आवाज वाढवणारं यंत्र नको, ते सगळंच मोठं करतं आणि तुम्ही दोन दिवसांत डबीत टाकून द्याल.

आता शेडचं. दिवसाला ८ तास ८५ डेसिबलच्या पुढं आवाज कानाला बाधतो असं धरतात, आणि ३ डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते, म्हणजे ८८ ला ४ तासांतच तेवढं नुकसान. मोजायला मीटर नसलं तरी हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तुम्ही त्या मर्यादेच्या पुढं आहात, आणि मागाच्या शेडमध्ये तर ओरडून पण भागत नाही, खुणांवरच चालतं सगळं. कापसाचा बोळा पुरत नाही. फोमचे इअरप्लग मिळतात, बोटात वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागं ओढायचा, आत सारून फुगेपर्यंत धरायचं. आवाजानं येणारा बहिरेपणा कामगारांच्या कायद्यानं नोंद करायच्या आजारांच्या यादीत आहे, मालक म्हणत असेल वयामुळं झालं तर हा आलेख दाखवा. शेडमधल्या नव्या पोरांना वर्षाला एकदा टेस्ट करायला लावा, त्यांचं अजून वाचण्यासारखं आहे. मिरवणुकीतल्या डीजेपुढं नाचून आल्यावर कानात दडे बसतात आणि सकाळपर्यंत उतरतात ना, ते रोज होत गेलं की एक दिवस उतरत नाहीत.

प्रश्न (होटगी रोड) : मुलगा आठवीत, कान वाहतो. 'सीएसओएम, टीटी टाइप, सेंट्रल पर्फोरेशन' लिहिलंय. आजी लसणाचं तेल टाकतात. उन्हाळ्यात विहिरीवर पोहायला जातो.

उत्तर : तेल बंद, विहीर बंद. सेंट्रल पर्फोरेशन म्हणजे पडद्याला मधोमध भोक आहे आणि सीएसओएम म्हणजे मधल्या कानात जुना संसर्ग आहे. टीटी हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, याला सेफ पण म्हणतात. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस घाला, कान कोरडा राहिला की पडदा बसवायचं ऑपरेशन होतं, टिंपॅनोप्लास्टी. स्राव थोडाच पण घाण वासाचा, रक्ताळलेला असेल तर मात्र प्रकार दुसरा, कोलेस्टिएटोमा, तो हाड खातो, त्याला परीक्षा संपेपर्यंत थांबायचं नसतं.

प्रश्न (जुळे सोलापूर) : कूस बदलली की घर फिरतं. 'बीपीपीव्ही' लिहिलंय. मानेचा पट्टा लावू का?

उत्तर : पट्ट्याची गरज नाही. आतल्या कानात कॅल्शियमचे सूक्ष्म खडे असतात, ते जागा सोडून चुकीच्या नळीत शिरलेत, म्हणून डोकं हललं की मिनिटभर गरगरतं आणि थांबतं. डॉक्टर डोकं ठराविक पद्धतीनं वळवून ते परत जागेवर आणतात, एप्ली म्हणतात त्याला, बऱ्याच जणांना एका बैठकीत बरं वाटतं. चक्कर थांबतच नसेल, बोलणं अडखळत असेल, एकाचे दोन दिसत असतील तर ते कानाचं नाही, थेट हॉस्पिटल.

बाकीचे पटपट. ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा, ओयू दोन्ही. ॲड +२ म्हणजे चाळिशीचा नंबर, आजार नाही. होर्डिओलम म्हणजे रांजणवाडी, टेरिजियम म्हणजे वडस, उन्हाधुळीत काम करणाऱ्यांना जास्त. ज्यांच्या पोराच्या कागदावर ॲम्ब्लिओपिया, म्हणजे आळशी डोळा, लिहिलंय त्यांनी चष्मा आणि पट्टी लहानपणीच नेटानं वापरा, मोठेपणी तेवढा उपयोग होत नाही.

सात रस्त्याच्या आजोबांनी विचारलंय की डोळ्यापुढं विजेसारखं चमकतं, काळे ठिपके एकदम वाढले आणि एका बाजूनं सावली चढते, 'आरडी?' असं लिहून पुढं पाठवलंय, पुढच्या आठवड्यात लग्न आहे, नंतर गेलं तर चालेल का. नाही चालणार आजोबा. रेटिनल डिटॅचमेंट म्हणजे मागचा पडदा सुटतोय, मधल्या भागापर्यंत सुटायच्या आत जायचं असतं, आजच्या आज. तसंच त्या ताईंचं, ज्या सकाळी उठल्या तर एका कानानं ऐकूच येईना आणि मळ असेल म्हणून थेंब टाकत बसल्यात. मळ निघाला नाही तर तो अचानक आलेला नसेचा बहिरेपणा असू शकतो, त्यात स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांत सुरू केलं तरच खरा उपयोग.

आणि मळाबद्दल ज्यांनी ज्यांनी लिहिलंय त्यांना एकच. मळ आपला आपण बाहेर येतो, काडीनं तो आत ठासला जातो. गाडीच्या किल्लीनं कान कोरणाऱ्या नवी पेठेतल्या काकांनी किल्ली फक्त गाडीला वापरावी.