बदली कोणाची, आदेश कोणाचा

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (पास फेकून हल्ला चालवणारा खेळाडू) डी. जे. उइआंगालेले 2022चा हंगाम संपल्यावर ऑरेगन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठात गेला, तर मराठीत ‘त्याची बदली झाली’ म्हणावं की ‘हस्तांतरण झालं’?

दोन्ही नको. ‘ट्रान्सफर’ दिसलं की ‘बदली’ ठोकून मोकळं व्हायची ही खोड कधी जाणार कोण जाणे. बदली तलाठ्याची होते, फौजदाराची होते. तिला वर कोणीतरी साहेब लागतो. हा पोरगा आपल्या पायांनी गेला.

पण खरी गंमत निराळीच आहे. ‘बदल’ अरबीतून आला, आणि एकाच्या जागी दुसरा हा त्याचा मूळ भाव. गिरणगावात ‘बदली’ म्हणजे चक्क माणूस. सकाळी गिरणीच्या दारात हजर व्हायचं, कायम कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर उभं राहायचं, आला तर हात हलवत घरी. आजही ‘बदली ड्रायव्हर’ म्हणतो ते याच अर्थाने. म्हणजे बदली तो, जो जागेवर येतो. सोडून जाणारा नव्हे! क्लेमसनमधला बदली होता केड क्लबनिक. 3 डिसेंबर 2022ला नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध सामना सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता तोच उइआंगालेलेला बाहेर बसवलं. या नव्या पोराने 24पैकी 20 पास पूर्ण केले आणि क्लेमसन 39-10ने जिंकलं. उइआंगालेलेने आधीच्या वर्षी 9 टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले होते आणि 10 पास विरोधकांच्या हाती घातले होते, तेव्हा त्याची बाजूही फार भक्कम नव्हती.

या बदलीला संस्कृत व्याकरणात नाव काय? आदेश! एका वर्णाच्या जागी दुसरा येतो तो आदेश, आणि ज्याची जागा जाते तो स्थानी. पाणिनी सांगतो, ‘स्थानिवदादेशः’, आदेशाला स्थानीसारखंच वागवा. (पुढे अपवाद आहे, तो सोडा.) पंडितांचं दुसरं वचन तर अमेरिकन फुटबॉल बघूनच केलंय असं वाटतं: ‘मित्रवदागमः, शत्रुवदादेशः’. आगम म्हणजे जादा येणारा वर्ण, तो मित्रासारखा शेजारी येऊन बसतो. आदेश शत्रूसारखा, आधीच्याला उठवून. तेव्हा ‘बदलीचा आदेश’ ही माझ्या मते शुद्ध द्विरुक्ती आहे. जाणकार यावर नाक मुरडतात, हुकूम या अर्थाचा आदेश वेगळा म्हणतात. उपसर्ग तोच, धातू तोच, मग वेगळा कुठून झाला? यांना फरक दाखवायची हौस भारी.

हस्तांतरणवाल्यांचं तर बोलायलाच नको. युरोपात एक क्लब दुसऱ्याला पैसे मोजून खेळाडू घेतो, तिथे तो शब्द एक वेळ शोभेल. क्लेमसनने ऑरेगन स्टेटच्या नावे सातबारा करून दिला नव्हता.

हां, मूळ प्रश्न. ‘कॉलेज बदललं’ म्हणा, झालं. नाहीतर घराघरातला शब्द आहेच: नाव काढलं. 15 ऑक्टोबर 2018ला अमेरिकेत ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं, ते तरी काय? नावांची यादी. जायचं असेल त्याने नाव घालायचं. आपणही एका शाळेतून नाव काढतो, दुसरीत घालतो. आणि ‘पोराने नाव काढलं’ याचा दुसरा अर्थ सांगायला नको. जो बरो नावाच्या क्वार्टरबॅकने 2018मध्ये, पोर्टलच्या आधीच, ओहायो स्टेटमधून नाव काढलं आणि एलएसयूत (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) जाऊन नाव काढलं: कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची 2019ची हाइजमन ट्रॉफी, 15पैकी 15 सामने खिशात, शेवटच्या सामन्यात 42-25ने हरवलं तेही क्लेमसनलाच. उइआंगालेलेने एका हंगामानंतर ऑरेगन स्टेटमधूनही नाव काढलं आणि फ्लोरिडा स्टेट गाठलं. बातमीत हेच वाक्य घाला. कोणता अर्थ घ्यायचा ते वाचणारे बघतील.