कफ्फारा म्हणजे दंड नव्हे हो!

प्रश्न असा आलाय की उर्दू मालिकेत 'कसम तोडी है तो कफ्फारा दो' असं ऐकलं, तर हा कफ्फारा (शपथ किंवा रोजा मोडल्यावर करायची भरपाई) 'काफिर'चा भाऊबंद का, आणि मराठीत त्याला दंड म्हणायचं की प्रायश्चित्त?

दंड तर आधी डोक्यातून काढाच. दर रमजानात कुणीतरी लिहितंच 'रोजा मोडल्यास साठ जणांच्या जेवणाचा दंड' आणि माझं टाळकं सरकतं. (इफ्तारला 'रोजा तोडला' लिहिणारे आणखी वेगळे. अहो उपवास संध्याकाळी सोडतात, दुपारी भजी खाऊन मोडतात, एवढं तरी?)

भाऊबंद म्हणाल तर सख्खे. अरबी क-फ-र म्हणजे झाकणं. चूक झाकतो तो कफ्फारा, सत्य किंवा उपकार झाकतो तो काफिर. पण खरी गंमत पुढेच आहे, कुराणात ५७व्या सूरेच्या (अध्यायाच्या) २०व्या आयतीत पावसाने तरारलेलं पीक बघून 'कुफ्फार' (काफिरचंच अनेकवचन) खूश होतात असं आहे आणि तिथे बहुतेक भाष्यकार चक्क शेतकरी असा अर्थ घेतात, कारण तो बी मातीआड करतो! म्हणजे आपला पाभर धरणारा कुणबीसुद्धा शब्दार्थाने काफिरच की. जुना अरबी कवी लबीद तर रात्रीलाच काफिर म्हणतो, सगळं झाकते म्हणून.

आता काही पंडित याच धातूचे हिब्रू 'किप्पूर' (प्रायश्चित्त) आणि प्राचीन इराकातल्या अक्कादी भाषेतला 'कुप्पुरू' पुढे करून सांगतात की मूळ अर्थ झाकणं नाही, पुसणं. असेल बुवा अक्कादीत. पण मग शेतकऱ्याचं काय करायचं, तो बी पुसतो का? आणि इंग्रजी 'कव्हर' यातूनच आला म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार, तो लॅटिनमधला आहे.

तर हे झाकण कसलं? शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवण, तेही आपल्या घरी रोज जे शिजतं त्या प्रतीचं, नाहीतर कपडे, नाहीतर गुलामाची मुक्तता, यातलं काहीच जमेना तर तीन रोजे. रमजानचा रोजा मोडला तर गुलाम सोडवा, ते नाही तर सलग साठ रोजे, तेही नाही तर साठ जणांना जेवण. पण मुद्दाम खाल्लं-प्यायलं तरी हे लागू, असं हनफी म्हणतात, शाफईंकडे (हे दोन्ही सुन्नी धर्मशास्त्राचे पंथ) ते फक्त शरीरसंबंधाला, खाण्याला बदली रोजा पुरे. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी, म्हणजे भजी तीच, हिशोब वेगळा.

आणि दंड म्हणणाऱ्यांनी ती हदीस (पैगंबरांच्या वागण्या-बोलण्याची नोंद) ऐकाच. रोजा मोडलेला एक माणूस पैगंबरांकडे आला, तिन्ही गोष्टी जमणार नाहीत म्हणाला. तेवढ्यात कुणीतरी खजुराची टोपली आणली. पैगंबर म्हणाले, ही घे, गरिबांना वाट. हा म्हणतो, अख्ख्या मदिनेत आमच्याहून गरीब घर नाही! पैगंबर दात दिसेपर्यंत हसले आणि म्हणाले, जा, घरच्यांनाच खायला घाल. भरायला आलेला माणूस टोपली घेऊन घरी जातो, असा दंड कुठे बघितलाय?

माझ्या मते जवळचा मराठी शब्द पांघरूण, फक्त आपण ते दुसऱ्याच्या चुकीवर घालतो आणि फुकट घालतो.

हां, आणि कफ्फाऱ्याला फिदिया म्हणू नका. ज्याला म्हातारपणामुळे किंवा बऱ्या न होणाऱ्या आजारामुळे रोजा झेपतच नाही, त्याने दर रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं, तो फिदिया. मूळ अर्थ सोडवणुकीची किंमत, आणि आपण कुणावर 'फिदा' होतो ते याच धातूतलं.

बाकी लेखात प्रायश्चित्त लिहा, चालेल.