सोलापूरच्या उन्हाळ्यात घरच्या मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टँकमध्ये सीग्रास, म्हणजे समुद्री गवत, जगेल का?

जगतं की, माझ्याकडे दोन वर्षं झाली, जुळे सोलापुरात, तीन फुटाचा टँक आहे. पण तुम्ही लिहिलंय की टँक दोन महिन्याचाच आहे, खाली इंचभर नवी वाळू आहे आणि लगेच लावायचंय, तर जरा थांबा.

पहिलं म्हणजे सीग्रास शेवाळ नाही, खरं फुलझाड आहे. हरळी कशी जमिनीखालनं पसरते, अगदी तसंच हे वाळूखालनं पसरतं आणि खाणं बरंचसं मुळातनं घेतं, त्यामुळं वाळू बारीक, 4 ते 6 इंच आणि मुरलेली, म्हणजे टँकमध्ये राहून जुनी झालेली पाहिजे. मी पहिल्यांदा वाळू धुवून धुवून चकचकीत केली, पुण्याच्या मित्राकडनं हॅलोड्यूलचे (सीग्रासचाच एक प्रकार) सात-आठ तुकडे खाऱ्या पाण्याच्या पिशवीत घालून हुतात्मा एक्स्प्रेसनं आणले, लावले, आणि तीन आठवड्यात सगळी पानं तपकिरी होऊन गळाली. मेलं समजून उपटलं तर खाली गाठीपाशी बोटाच्या पेराएवढं पांढरंशुभ्र मूळ फुटलेलं! ते माझ्याच हातानं मोडलं, अजून वाईट वाटतं. जागा बदलली की पानं झडतातच, दोन-तीन महिने हात लावू नका. दुसऱ्या खेपेला मित्राच्या जुन्या टँकमधली डबाभर काळपट वाळू मिसळली आणि नायट्रेट, फॉस्फेट शून्यावर आणायचा नाद सोडला, कारण दोन्ही शून्य असलं की हे गवत उपाशी राहतं. लाइट चांगला पाहिजे, आणि टँग मासा अजिबात नको, कुरतडून खातो.

आता ऊन. एप्रिल-मेमध्ये बाहेर 42-43 असतं, पाणी मात्र 28च्या आसपास ठेवायचं. चिलर (पाणी गार करायचं यंत्र) परवडत असेल तर उत्तमच, मी पाण्यावर दोन छोटे पंखे लावलेत, आपली हवा कोरडी म्हणून मुंबईपेक्षा इथं त्यानं पाणी जास्त गार होतं. पण त्यात माझं रोज तीन-चार लिटर पाणी उडतं, मीठ तेवढंच राहतं, म्हणजे खारटपणा चढतो. काचेवर मार्करनं रेघ मारा आणि रोज सकाळी तिथपर्यंत आरओचं गोडं पाणी भरा, खारं नाही. नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला माहितीच आहे, तेव्हा दोन कॅन कायम भरून ठेवा.

आणि मालवणला फिरायला गेलात तर तिथनं उपटून आणू नका, प्लीज. 2019च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत सीग्रासच्या जागा सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या गटात आहेत, आणि तिथं लहान मासे, कोळंबी वाढतात हो.

वाळू आत्ता घाला, मुरू दे, पाऊस लागला की मेसेज करा, माझ्याकडचं आता काचेला टेकलंय, चार काड्या देतो.