पाकिटामागचा प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी दोनदा नीटला बसली. पहिल्या वेळी ४३१ मार्क, दुसऱ्या वेळी ४०८. फिजिक्समध्ये आम्ही मार खातो. तिसऱ्यांदा द्यायचं ठरवलंय, क्लासही बदललाय. पण ही आता म्हणते, बीएस्सी करून अँटिबायोटिकवर संशोधन करायचं. माझे वडील पिंपरीच्या एचए (हिंदुस्थान अँटिबायोटिक्स) कंपनीत होते, त्यांच्या गोष्टी ऐकून हे खूळ. सगळी औषधं तर केव्हाच निघाली. संशोधनच करायचं तर आधी डॉक्टर होऊन करता येत नाही का? कॉलेजच्या प्रदर्शनात तिने लसणाच्या रसाने जंतू मारून दाखवले होते. त्याचं पेटंट मिळेल का?
– एक पालक, चिंचवड

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन घेतलं आणि ‘आम्ही’ या शब्दाखाली रेघा मारत गेले. मूळ पत्र चार पानी आहे, इथे सारांशच दिलाय. आमचं बायोलॉजी पक्कं आहे, आमची रँक घसरली, आम्ही पुन्हा बसणार. साहेब, परीक्षेच्या हॉलमध्ये तुम्ही नसता. तिथे ती एकटी असते. चार पानांत क्लासच्या फीचा उल्लेख तीनदा आहे. तिच्या झोपेचा, जेवणाचा, मैत्रिणींचा एकदाही नाही. दुसऱ्या वेळी मार्क कमी का पडले, याचं तुमचं उत्तर ‘मोबाइल’. वर्षभर घरात बसून तोच अभ्यासक्रम पुन्हा घोकणाऱ्या मुलीचे मार्क उतरतात तेव्हा मला मोबाइलपेक्षा थकव्याची शंका आधी येते. तिसऱ्या वर्षाला माझा स्पष्ट नकार आहे. ती स्वतः ‘मला बसायचंय’ म्हणाली असती तर वेगळं बोलले असते. ती तसं म्हणत नाहीये आणि हे तुम्हीच लिहिलंय.

आणखी एक गोष्ट. पत्र पोस्टात टाकायला तुम्ही बहुधा तिच्याच हातात दिलंत. पाकिटाच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ आहे : ‘पेनिसिलिन जंतूची भिंत पाडतं, की बांधूच देत नाही?’ मार्कांची पत्रं मला रोज येतात. असा प्रश्न क्वचित येतो. म्हणून आता थोडा वेळ तिच्याशी बोलते.

बाळ, बांधूच देत नाही. जंतूभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं जाळं असतं आणि त्या साखळ्या अमिनो आम्लांच्या छोट्या तुकड्यांनी एकमेकींना गाठी मारून बांधलेल्या असतात. पेनिसिलिन या गाठी मारणाऱ्या विकरांच्याच (एन्झाइमांच्याच) हातात जाऊन अडकतं. पण जंतूला वाढायचं तर जुन्या गाठी कापून मधे नवा माल भरावा लागतो. कापणं चालू आणि बांधणं बंद, अशी अवस्था झाली की आतल्या दाबाने तो फुटतो. वाढताना गाठी नेमकं कोण कापतं, यावर हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत मंजुला रेड्डी यांनी फार सुंदर काम केलंय. जंतूंच्या भिंतीवरच्या याच संशोधनासाठी त्यांना २०१९चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. तेव्हा तू विचारलेला प्रश्न खुळा नाही.

पण लसणाबद्दल तुम्हा दोघांचाही गैरसमज आहे आणि तो काढायलाच हवा. जंतू मारणं अजिबात अवघड नाही. जंतू वाढवलेल्या ताटलीत फिनाइल टाका, तिथेही छान मोकळं वर्तुळ दिसेल. अवघड आहे ते रोग्याला धक्का न लावता मारणं. पेशीभित्तिकेला एवढं महत्त्व आलं ते यामुळेच : आपल्या पेशींना ती भिंत नसतेच. त्यानंतर दुसरी अडचण. ग्रॅम-निगेटिव्ह म्हणतात त्या गटातल्या जंतूंना भिंतीच्या बाहेर आणखी एक पटल असतं, त्यातून बरीचशी औषधं आत शिरतच नाहीत. शिरली तरी औषधच कापून टाकणारी विकरं तिथे तयार असतात; दिल्लीच्या नावाने जगभर ओळखलं जाणारं एनडीएम-१ त्यातलंच. लसणाचा रस या तिन्हींपैकी एकाही परीक्षेला बसलेला नाही. पेटंटचा विषय इथेच थांबवू.

‘सगळी औषधं केव्हाच निघाली’ हेही खरं नाही. २०१५ साली बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या गटाने टेक्सोबॅक्टिन जाहीर केलं. मेन राज्यातल्या मातीतला एक जंतू प्रयोगशाळेत वाढेना, म्हणून त्यांनी तो मातीतच वाढवला आणि त्याच्याकडून हा रेणू मिळवला. तो गवंड्याला, म्हणजे गाठी मारणाऱ्या विकराला, सोडून थेट विटेलाच पकडतो, म्हणजे भिंतीच्या कच्च्या मालाला. चेन्नईच्या ऑर्किडने शोधलेलं एनमेटाझोबॅक्टम हे सेफेपिम या जुन्या अँटिबायोटिकला कापणाऱ्या काही विकरांना अडवतं. या जोडीला अमेरिकेत फेब्रुवारी २०२४मध्ये मान्यता मिळाली. आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या वोक्हार्टच्या संशोधन केंद्रातून निघालेलं झिडेबॅक्टम जोडीच्या औषधाची नुसती राखण करत नाही, भिंत बांधणाऱ्या एका प्रथिनाला स्वतःही चिकटतं.

डॉक्टर होऊनच करायचं का? पेनिसिलिनवाले फ्लेमिंग आणि फ्लोरी डॉक्टर होते, कबूल. पण पेनिसिलिन शुद्ध झालं ते चेन आणि हीटली या जीवरसायनवाल्यांमुळे आणि त्याची रचना उलगडली डोरोथी हॉजकिन या रसायनशास्त्रज्ञ बाईने. शिवाय जे मार्क पडत नाहीत म्हणून हे पत्र आलंय, त्याच मार्कांवरून ‘आधी डॉक्टर’ म्हणणं मला तरी हुशारीचं वाटत नाही.

रस्ते ठरलेले आहेत : केमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी, नाहीतर सीईटीतून बी.फार्म., पुढे एमएस्सीसाठी जॅम, संशोधनासाठी नेट या परीक्षा, मग पीएचडी. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेला बारावीच्या वर्षाची अट असते, ती आधी तपासा. माझा कल केमिस्ट्रीकडे. जंतू नंतर शिकता येतात, रेणू बांधण्याचा हात लवकर बसावा लागतो.

पैशाचं मात्र लपवत नाही. पीएचडी हातात येईपर्यंत नऊ-दहा वर्षं जातात. टेक्सोबॅक्टिन अजूनही औषधाच्या दुकानात आलेलं नाही. अमेरिकेतल्या अकेओजेन कंपनीच्या नव्या अँटिबायोटिकला जून २०१८मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नवं अँटिबायोटिक डॉक्टर राखून ठेवतात, आणि ठेवायलाच हवं. दिलं तरी आठ-दहा दिवसांपुरतं. मधुमेहाच्या गोळीसारखा जन्मभराचा खप त्याला नाही. म्हणून ‘अँटिबायोटिकच’ अशी शपथ घेऊ नकोस. जे रसायन शिकशील ते कर्करोगाच्या औषधालाही लागतं, शेतीच्याही.

आजोबांना एक विचार. पिंपरीचा कारखाना १९५४चा, पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं. पण तिथे नुसतं बनवत नव्हते, शोधतही होते : बुरशीच्या रोगांवरचं औषध हॅमायसिन तिथलंच, नावात कंपनीची अक्षरं आहेत. त्याच्याबद्दल त्यांना काय आठवतं ते लिहून घे.

आणि माझा एक प्रश्न. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूंवर पेनिसिलिनचा काही परिणाम होत नाही. का, ते तुला आता सांगता येईल. उत्तर पेनने लिही, आणि या वेळी वेगळ्या पाकिटात पाठव.