प्रकृती शोधताय की आजची तब्येत?

प्रश्न : वय ३४. दोन वर्षांपासून रात्रपाळी. ऑनलाइन प्रश्नावली भरून प्रकृती काढली, तर आधी ‘पित्त’ आली, सहा महिन्यांनी ‘वात-पित्त’ आणि परवा ‘वात’. प्रकृती अशी बदलते का? सध्या पोट फुगतं, शौचाला खडा होतो, झोप तुटक आहे. — एक वाचक, पिंपरी

उत्तर : आयुर्वेदात वात, पित्त आणि कफ या तीन दोषांच्या जन्मजात प्रमाणाला प्रकृती म्हणतात. ती बदलत नाही. ती गर्भधारणेच्या वेळी ठरते आणि शेवटपर्यंत तीच राहते. तुमची बदलली ती तब्येत, म्हणजे विकृती (सध्या बिघडलेल्या दोषांची अवस्था). प्रश्नावली विचारते, ‘झोप कशी आहे?’ आपण या महिन्यातल्या झोपेचं उत्तर देतो, आणि दोन वर्षांच्या जागरणाला प्रकृतीचं नाव मिळतं. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात रात्रीचं जागरण रूक्ष, म्हणजे कोरडेपणा वाढवणारं, सांगितलं आहे. रूक्षता वाढली की वात वाढतो, म्हणून तिसऱ्या खेपेला ‘वात’ येणारच होतं.

तीच प्रश्नावली पुन्हा भरा, पण उत्तरं विशीतली द्या, रात्रपाळी सुरू होण्याच्या आधीची. भूक, झोप आणि पोट यांची उत्तरं आईला किंवा मोठ्या बहिणीला विचारा, त्यांना ती आपल्यापेक्षा जास्त आठवतात. न बदलणाऱ्या गोष्टींना जास्त वजन द्या. हाडापेराने सडपातळ, चालताना सांधे वाजतात, थंडी सोसत नाही, ही वाताची लक्षणं. केस लवकर पिकणं किंवा विरळ होणं, अंगावर तीळ-वांग, कडकडून भूक आणि जेवण लांबलं की चिडचिड, ही पित्ताची. भरदार बांधा, दाट काळे केस, एखादं जेवण चुकलं तरी फारसा फरक न पडणं, हा कफ. बहुतेकांत दोन दोषांची सरमिसळ निघते. एकच दोष ठळक असलेली माणसं कमीच, त्यामुळे ‘वात-पित्त’ आलं म्हणून गोंधळून जाऊ नका.

उपाय मात्र आज वाढलेल्या दोषावर करायचा. तुमच्या बाबतीत तो वात आहे, आणि वाताला तेलासारखं औषध नाही. अंघोळीआधी ३० ते ४० मिली तिळाचं तेल घ्या. वाटी गरम पाण्यात ठेवून ते कोमट करा, थेट गॅसवर ठेवू नका. पंधरा मिनिटं अंगाला जिरवा. वेळ नसेल तर डोकं, कान आणि तळपाय एवढं तरी कराच. अर्ध्या तासाने गरम पाण्याने अंघोळ. जेवणानंतर लगेच, अजीर्णात, तापात किंवा सर्दी-कफ भरलेला असताना तेल लावू नये. ‘तेल लावलं आणि अंग जड झालं’ अशी तक्रार असते तेव्हा बहुधा यातलंच काहीतरी चुकलेलं असतं.

झोपेबद्दल ग्रंथात नेमका नियम आहे : जितकं जागरण झालं त्याच्या निम्मी झोप सकाळी, काही न खाता घ्यावी. हा हिशेब अधूनमधूनच्या जागरणाचा आहे. कायम रात्रपाळी असेल तर सात तास झोपच हवी. पण ‘न खाता’ हा भाग तुम्हालाही लागू आहे. पाळी संपल्यावर पोहे-मिसळ चापून आडवं होणं, हेच फुगण्याचं मोठं कारण असतं. फार भूक असेल तर वाटीभर मऊ मूगभात आणि चमचाभर तूप, तेही झोपायच्या तासभर आधी. चिवडा, खाकरा, टोस्ट असलं कोरडं खाणं पाळीच्या डब्यातून काढा. शौचातून रक्त जात असेल किंवा विनाकारण वजन घटत असेल, तर घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझी पित्तप्रकृती आहे. ऑक्टोबरात रोज दोन ग्लास ताक पिते, तरी छातीत जळजळ आणि तोंड येणं थांबत नाही. ताक थंड ना? — एक वाचक, अकोला

उत्तर : स्पर्शाला थंड, पण ताक आंबट आणि वीर्याने, म्हणजे शरीरावरच्या परिणामाने, उष्ण. उन्हाळ्यात, दाह होत असताना आणि रक्तपित्तात (नाक-तोंड वगैरेतून रक्त जाण्याच्या विकारात) ताक देऊ नये, असं शास्त्र स्पष्ट सांगतं. हे विदर्भात सांगणं जिवावर येतं, पण आहे ते आहे! त्यात तुमचा महिना चुकला आहे. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदातल्या उन्हाने उसळतं, ‘ऑक्टोबर हीट’चा त्रास तोच.

प्यायचंच असेल तर त्याच दिवशी लागलेलं, आंबट न झालेलं दही घ्या. तीन चमचे दही, एक पेला पाणी, लोणी काढून, चमचाभर खडीसाखर. पित्ताला ताक गोड करून, वाताला सैंधव घालून आणि कफाला सुंठ-मिरी-पिंपळी घालून, असा भेद आहे. जळजळ चालू असेपर्यंत तेही बंद ठेवा. त्याऐवजी एक चमचा धने ठेचून पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून खडीसाखर घालून प्या. दुपारचं जेवण साडेबारापर्यंत व्हायलाच हवं. पित्ताच्या माणसाने उपास ताणले की औषधांचा उपयोग होत नाही. तोंड येणं तीन आठवडे टिकलं तर तपासणी करा.

प्रश्न : कफप्रकृती, वजन वाढतंय. सकाळी कडकडीत गरम पाण्यात मध घेतो, बरोबर ना? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कफाला मध उत्तम, पण गरम करून किंवा गरम पाण्यात घेऊ नये. एक छोटा चमचा, साध्या पाण्यात. मधुमेह असेल तर तोही नको. दुपारची झोप तशीच ठेवून मधावर भिस्त ठेवू नका. अंघोळीआधी मसूर किंवा हरभऱ्याच्या डाळीचं कोरडं पीठ केसांच्या उलट दिशेने दहा मिनिटं चोळा. व्यायाम कपाळाला आणि काखेत घाम सुटेपर्यंत. वजन अचानक वाढलं असेल तर थायरॉइड तपासून घ्या.

प्रश्न : नाडी पाहून प्रकृती सांगतात, ते खरं का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत नाडीपरीक्षेचं सविस्तर वर्णन नाही, ते पुढच्या काळातल्या शार्ङ्गधरसंहिता या ग्रंथात येतं. नाडीवरून आजची अवस्था समजायला मदत होते. प्रकृती ठरवायला प्रश्न विचारावे लागतात, अंगकाठी पाहावी लागते. आणि नुकतंच जेवून, अंघोळ करून किंवा उन्हातून चालत आल्यावर नाडी दाखवलीत, तर ती नीट कळत नाही.