भरती आली की हे पक्षी जातात कुठे?

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत. धोक्यात आलेले परदेशी किनारपक्षी हिवाळ्यात मुंबईत नक्की कुठे असतात, आणि रविवारी अकराला शिवडीच्या धक्क्यावर पोचलात तर नुसतं पाणीच का दिसलं. दुसऱ्यापासून सुरुवात करतो. त्या दिवशी अमावास्या होती.

कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना हिशेब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरायचा. म्हणजे तुम्ही ऐन उधाणात गेलात. अडीच-तीनपर्यंत वडापाव खात थांबला असतात तर चिखल उघडा पडला असता, पक्षी धक्क्याजवळ आले असते आणि ऊनही पाठीशी असतं. शिवडीचा किनारा पूर्वेकडे बघतो, त्यामुळे सकाळी सगळे पक्षी काळ्या सावल्यांसारखेच दिसतात.

आता मुख्य मुद्दा. या पक्ष्यांना एक जागा पुरत नाही, दोन लागतात. ओहोटीला खायला चिखल: शिवडी, ठाणे खाडीचे दोन्ही काठ. चिखलातले किडे, बारीक शिंपले, खेकडे हे त्यांचं जेवण. भरती आली की जेवण बंद, आणि मग पाय टेकायला उघडी, उथळ, निवांत जागा हवी. ती म्हणजे भांडुपची मिठागरं, नेरुळला टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ, उरणचं पाणजे. लोक शिवडीचे फोटो काढतात, पण माझ्या मते खरा प्रश्न या दुसऱ्या जागांचा आहे. ठाणे खाडीत 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये रामसर दर्जाही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला. विश्रांतीच्या बऱ्याच जागा मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. पाणजेला भरतीचं पाणीच अडवलं जातं ही तक्रार कित्येक वर्षं चालू आहे. झोपायला जागा नसेल तर पक्षी उधाणभर उडत राहतो, आणि एप्रिलच्या प्रवासासाठी साठवायची चरबी इथेच जाळतो.

कोण धोक्यात आहे? फ्लेमिंगोंच्या गर्दीत पायाशी पळणारे चिमुकले राखाडी पक्षी बघा. त्यात कर्ल्यू सँडपायपर हमखास असतो: खाली वाकलेली चोच, उडताना कमरेवर स्वच्छ पांढरा पट्टा. मी पहिली दोन वर्षं त्याला डनलिन (तसाच दिसणारा दुसरा किनारपक्षी) समजत होतो! तो सैबेरियाच्या उत्तर टोकाला, टुंड्रात अंडी घालतो. 2024 च्या जागतिक लाल यादीत (धोक्यातल्या प्रजातींच्या) तो ‘असुरक्षित’ गटात गेला. ग्रे प्लोव्हर (आपला करडा चिखल्या) आणि ब्रॉड-बिल्ड सँडपायपर यांचंही त्याच वर्षी तेच झालं. लांब सरळ चोचीचा काळ्या शेपटीचा गॉडविट आणि मोठा कर्ल्यू हे ‘धोक्याच्या जवळ’. ग्रेट नॉट तर ‘संकटग्रस्त’, पण तो दिसायला नशीब लागतं. चमच्यासारख्या चोचीच्या सँडपायपरची वाट मात्र इथे पाहू नका, त्याचा हिवाळा बांगलादेश-म्यानमारच्या किनाऱ्यांवर जातो.

सोशेबल लॅपविंगचं (ही एक टिटवी) नाव तुमच्या यादीत होतं. तो अतिसंकटग्रस्त खरा, पण चिखलातला नव्हे. कझाकस्तानातून येऊन तो गुजरात-राजस्थानच्या माळरानावर उतरतो. शिवडीला शोधलात तर अख्खा सीझन फुकट जाईल.

एक गोष्ट तिवरांवर प्रेम करणाऱ्यांना रुचत नाही (मीही त्यातलाच). खाडीत गाळ साचतो तशी तिवरं पुढे सरकतात आणि उघडा चिखल झाकला जातो. या पक्ष्यांना चहूकडे नजर जाईल अशी मोकळी जागा लागते, झाडीत ते बसत नाहीत. म्हणून नवीन तिवरं लावायची तर कुठे, हे आधी विचारायला हवं.

पुढच्या पुनवेला दुपारी दोनला या. ऐरोलीहून बोटीने जाणार असाल तर हिशेब उलटा: बोटीला भरती लागते. पायात अभ्यासकांनी लावलेली रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर पट्टीचे रंग वरून खाली कसे आहेत ते आणि त्यावरची अक्षरं टिपून घ्या, फोटो अंधुक आला तरी चालेल, आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. मे संपता संपता बहुतेक सगळे गेलेले असतात, पहिले परत दिसतात ते पाऊस चालू असतानाच.